प्लेऑफमध्ये किती टीम घ्यायच्या? चार, सहा, की येतील तेवढ्या?

आयपीएलची लीग स्टेज संपत आली की एक भांडण ठरलेलंच असतं. पाचव्या नंबरवर अडकलेल्या टीमचे फॅन म्हणतात चारच टीम कशाला, सहा घ्या की, आणि पहिल्या नंबरवाल्यांचे फॅन म्हणतात चार सुद्धा जास्तच होतात, आमच्या पोरांनी दोन महिने खपून टेबल टॉप केलं ते काय उगाच? मग कुणीतरी नेट रन रेटचा विषय काढतो आणि तिथून पुढे बोलणं शिव्यांवर येतं.

हे फक्त क्रिकेटमध्ये नाही बरं का. प्रो कबड्डीने २०२५ च्या बाराव्या सीझनला बारापैकी आठ टीमना पुढे जाऊ दिलं, आधी सहा जायच्या. ऑस्ट्रेलियातल्या एएफएलने, म्हणजे त्यांचं ते लंबगोल बॉलचं फुटबॉल, अठरापैकी आठचा कोटा वाढवून २०२६ पासून दहा करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये, म्हणजे त्यांच्या बास्केटबॉल लीगमध्ये, तीसपैकी वीस टीम लीग संपल्यावरही जिवंत असतात. सगळीकडे आकडा वाढतोच आहे, कमी केल्याचं फारसं ऐकू येत नाही. तर तो का वाढतो आणि वाढला की नेमकं कुणाचं नुकसान होतं ते नीट बघू, कारण माझ्या मते बहुतेक भांडणं चुकीच्या माणसाशी चाललेली असतात.

मुळात प्लेऑफ हवेतच कशाला?

इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये प्लेऑफ नाहीत. वीस टीम, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, झाल्या ३८ मॅच, ज्याचे पॉइंट्स जास्त तो चॅम्पियन, विषय संपला. न्याय म्हणाल तर याच्याइतकी सरळ पद्धत दुसरी नाही.

आयपीएलला ते तसंच्या तसं लावता येत नाही. दहा टीम आहेत पण प्रत्येकीला मॅच मिळतात चौदा, म्हणजे पाच टीमशी दोनदा आणि उरलेल्या चार टीमशी एकदाच. आता तुमच्या वाट्याला दोनदा आलेल्या पाच टीम त्या वर्षी नेमक्या फॉर्मात असल्या तर तुमचे पॉइंट्स आणि दुसऱ्याचे पॉइंट्स एका तराजूत कसे तोलणार? सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं तर प्रत्येकी अठरा आणि एकूण नव्वद लीग मॅच होतात, आत्ता सत्तर होतात. त्यामुळे टेबलात थोडी खोट राहतेच, आणि फक्त टॉपरलाच कप देऊन मोकळं होणं जरा घाईचं होईल. दुसरं कारण साधं आहे, टॉपर कधीकधी शेवटाच्या बऱ्याच आधी ठरून जातो आणि मग टीव्हीवाल्यांनी काय दाखवायचं.

म्हणून प्लेऑफ, म्हणजे लीग संपल्यावर वरच्या काही टीमची बाद फेरी. शाळेच्या भाषेत सांगायचं तर वर्षभराच्या मार्कांवरून काही मुलं निवडायची, त्यांची एक तोंडी परीक्षा घ्यायची आणि पहिला नंबर त्या तोंडीवर द्यायचा. इथे खरं तर दोन प्रश्न आहेत. तोंडीला किती मुलं बोलवायची हा एक. आणि तोंडी सुरू होताना वर्षभराचे मार्क धरायचे का सगळ्यांना शून्यापासून उभं करायचं, हा दुसरा. आपण सगळे पहिल्यावर तावातावाने भांडतो, पण निकाल जास्त फिरतो तो दुसऱ्याने.

टीम चारच, पण गणित दोन

२००८ ते २०१० आयपीएलमध्ये साध्या सेमीफायनल होत्या. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा, जिंकलेले फायनलला. समजा चारही टीम तोडीस तोड आहेत, प्रत्येक मॅच फिफ्टी-फिफ्टी. मग कप जिंकायचा चान्स प्रत्येकीला २५ टक्के. पहिला आलेल्यालाही २५ आणि रडतखडत चौथा आलेल्यालाही २५. २००९ मध्ये डेक्कन चार्जर्स लीगमध्ये चौथे होते आणि कप घेऊन गेले, नियमाप्रमाणेच गेले, पण टेबल टॉप करण्याला नियमात किंमत काय होती? जवळपास काहीच नाही.

२०११ ला पद्धत बदलली. पहिला आणि दुसरा क्वालिफायर वन खेळतात, जिंकणारा थेट फायनलला आणि हरणाऱ्याला अजून एक संधी. तिसरा आणि चौथा एलिमिनेटर खेळतात, हरला तो घरी. एलिमिनेटर जिंकणारा आणि क्वालिफायर वन हरणारा यांची क्वालिफायर टू, आणि मग फायनल. ही कल्पना काही आपली नाही, ऑस्ट्रेलियात १९३१ पासून त्यांच्या फुटबॉलमध्ये ती वापरली गेली, पेज सिस्टीम म्हणतात तिला.

आता परत तोच फिफ्टी-फिफ्टीचा हिशोब करा. पहिल्या दोघांपैकी एकाला क्वालिफायर वन आणि फायनल जिंकून कप मिळायची शक्यता २५ टक्के, वर पहिली मॅच हरून पुढच्या दोन जिंकायची शक्यता साडेबारा टक्के. एकूण साडेसदतीस. तिसऱ्या-चौथ्याला सलग तीन जिंकायला लागतात, त्यांना साडेबाराच. टीम तेवढ्याच चार, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात एकदम तिपटीचा फरक पडला.

आणि हे नुसतं कागदावर नाही. २०११ ते २०२५ अशा पंधरा सीझनमध्ये लीगमधला पहिला पाच वेळा चॅम्पियन झाला, दुसरा नऊ वेळा, आणि तिसऱ्या नंबरवरून कप उचलला तो फक्त २०१६ च्या सनरायझर्स हैदराबादने. चौथ्या नंबरवरून कुणीच नाही. (पहिल्यापेक्षा दुसरा जास्त वेळा कसा, याच्यावर लोक बऱ्याच थिअऱ्या मांडतात, मला तरी यात योगायोगापलीकडे काही दिसत नाही, दोघांना सवलत सारखीच आहे.) म्हणून शेवटच्या आठवड्यात कॉमेंटेटर सारखं टॉप टू टॉप टू करत असतात ते उगाच नाही.

मग सहा केल्या तर काय बिघडतं?

आता मजा बघा. समजा आयपीएलने उद्या सहा टीम घ्यायचं ठरवलं आणि आत्ताच्याच पद्धतीच्या आधी एक फेरी जोडली, तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा. त्यातले दोन विजेते एलिमिनेटर खेळतील आणि पुढे सगळं जसंच्या तसं.

पहिल्या दोघांचा चान्स? साडेसदतीसच. इकडचा तिकडे एक पैसा नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्याला आता तीनच्या ऐवजी चार मॅच सलग जिंकायला लागतील, म्हणजे साडेबाराचे झाले सव्वासहा. पाचव्या आणि सहाव्यालाही सव्वासहा. नव्या दोन टीमना जे मिळालं ते सगळं तिसऱ्या-चौथ्याच्या खिशातून गेलं!

म्हणून टॉपरचे फॅन सहा टीम म्हटलं की आरडाओरडा करतात ना, त्यांचा त्यात संबंधच नाही, बोंब मारायला पाहिजे ती तिसऱ्या-चौथ्यावाल्यांनी. एएफएलच्या बदलातही तेच आहे. नव्या पद्धतीत सातवा विरुद्ध दहावा आणि आठवा विरुद्ध नववा अशी जादा फेरी लागली. जुन्या नियमात सातवा-आठवा आला की फायनल्समध्ये (प्लेऑफला तिकडे फायनल्स म्हणतात) जागा पक्की होती, आता तीच जागा परत एकदा खेळून मिळवायची. पहिल्या चारांना मात्र पहिल्या आठवड्यात हरलं तरी दुसरी संधी असते ती तशीच आहे.

उलट सहा टीम घेऊन साध्या बाद फेऱ्या लावल्या, सवलत कुणालाच नाही, तर मात्र टॉपरचं खरंच वाटोळं होतं. त्यामुळे नुसतं "सहा घ्या" किंवा "सहा नको" म्हणण्याला अर्थ नाही, पुढचा नकाशा बघितल्याशिवाय त्या आकड्याचा काही निकालच लागत नाही.

"पण पाचव्यावर अन्याय होतो त्याचं काय?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं सगळ्यात झोंबणारं उदाहरण २०२४ चं. १८ मे, बेंगळुरू, आरसीबी (बेंगळुरूची टीम) विरुद्ध सीएसके (चेन्नईची), चौथी जागा कुणाची ते ठरणार. आरसीबीने पहिल्या आठपैकी सात मॅच हरून नंतर पाच सलग जिंकलेल्या. त्यांनी २१८ केले, सीएसकेला जिंकायला २१९ पाहिजेत, पण नेट रन रेटमुळे हरून सुद्धा २०१ केले की सीएसके प्लेऑफमध्ये. (नेट रन रेट म्हणजे तुम्ही ओव्हरमागे किती रन केले वजा ओव्हरमागे किती दिले, सीझनभराचं मिळून, पॉइंट्स सारखे झाले की हे बघतात.) शेवटच्या ओव्हरला प्लेऑफसाठी हव्यात १७, समोर धोनी, बॉलर यश दयाल. पहिल्याच बॉलला धोनीने असा सिक्स मारला की बॉल स्टेडियमच्या बाहेर, आणि दुसऱ्या बॉलला धोनी कॅच आउट. त्यानंतर त्या ओव्हरमध्ये एकच रन आला आणि सीएसके १९१ वर थांबली.

दोन्ही टीमचे पॉइंट्स १४, आरसीबीचा रन रेट अधिक ०.४५९ आणि सीएसकेचा अधिक ०.३९२. एवढ्याशा फरकावर एक टीम आत आणि एक बाहेर, वाईट वाटणारच.

पण आता टेबलात खाली बघा. त्या वर्षी १४ पॉइंट्सवर चार टीम होत्या. सीएसके पाचवी, दिल्ली सहावी वजा ०.३७७ वर, लखनौ सातवी वजा ०.६६७ वर. म्हणजे सहा टीमचा नियम असता तर सीएसके आत गेली असती हे खरं, पण मग दिल्ली आत आणि लखनौ बाहेर, दोघांचे पॉइंट्स सारखे, फरक परत रन रेटचाच. भांडण मिटलं नसतं, नुसता पत्ता बदलला असता. रेघ कुठेही ओढा, रेघेच्या लगेच खालचा रडणारच, त्यामुळे हे कारण देऊन आकडा वाढवत बसलो तर दहाच्या दहा टीम घेईपर्यंत थांबायला जागा नाही.

आणि चार सुद्धा नेहमी चाबूक असतात असं नाही हं. २०१९ मध्ये सनरायझर्स चौदापैकी आठ मॅच हरून, फक्त १२ पॉइंट्सवर प्लेऑफला गेले होते. जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त! त्या वर्षी अजून दोन टीम घेतल्या असत्या तर त्यांच्याकडूनही याहून भारी हिशोब निघाला नसता.

"निदान शेवटच्या मॅचना अर्थ तरी राहतो"

हो, हा मुद्दा मला पटतो. ज्या मॅचच्या निकालाने कुणालाच काही फरक पडत नाही तिला डेड रबर म्हणतात, आणि लीगच्या शेवटी अशा मॅच बघणं म्हणजे शिक्षा असते. जागा वाढल्या की आठव्या-नवव्या नंबरवरच्या टीमलाही शेवटपर्यंत आशा राहते, स्टेडियम भरतं, चॅनलचे पैसे वसूल होतात. एनबीएमध्ये तर अजून एक भानगड असते, तिथे खालच्या टीमना पुढच्या वर्षी चांगले नवे प्लेयर निवडायला आधी नंबर मिळायची शक्यता जास्त, त्यामुळे काही टीम सीझन हातातून गेला की जिंकायची फार घाई करत नाहीत. दोन्ही विभागांत सातव्या ते दहाव्या नंबरसाठी प्ले-इन मॅच, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरायच्या जादा मॅच, ठेवल्यावर निदान काही टीमना तरी प्रयत्न करायला कारण मिळालं.

पण याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. जागा जितक्या जास्त तितकी वरच्या टीमची जागा लवकर पक्की होते आणि त्यांच्या मॅच डेड रबर होतात. मोठे प्लेयर आराम करतात, बेंचवरची पोरं खेळतात, आणि खाली जे जीव तोडून खेळतायत त्यातल्या एकाला पूर्ण ताकदीची टीम भेटते आणि दुसऱ्याला अर्धी. खालच्या मॅचना अर्थ आला तो वरच्या मॅचचा काढून घेऊन.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे फार ठळक दिसतं. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १६२ पैकी १०३ मॅच जिंकल्या आणि तरी बाहेर, कारण त्यांच्याच गटात अटलांटाने १०४ जिंकलेल्या आणि तेव्हा सगळ्या लीगमधून चारच टीम पुढे जायच्या. तो सीझन शेवटच्या दिवसापर्यंत श्वास रोखून बघण्यासारखा होता. मग जागा वाढत वाढत आठ, दहा आणि २०२२ पासून बारा झाल्या. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोना ८४ जिंकून आत आली आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत पोचली. तुम्हाला यातलं कुठलं आवडतं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण १०३ जिंकणाऱ्याला बाहेर ठेवणं हे मला सुद्धा जरा जास्तच वाटतं.

"खालची टीम जिंकते त्यातच तर मजा आहे"

मजा आहेच. एएफएलमध्ये २०१६ ला वेस्टर्न बुलडॉग्स सातव्या नंबरवरून आले, चार मॅच सलग जिंकल्या आणि १९५४ नंतर पहिल्यांदा कप घेतला, फायनलमध्ये हरवलं ते सुद्धा टेबल टॉपर सिडनीला. ऑस्ट्रेलियात अजून त्या सीझनचं नाव निघतं. आठऐवजी सहाच टीम घेत असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

फक्त एक बघायला पाहिजे, की बाद फेरीत खालची टीम जिंकते ती चांगली खेळून की नशिबाने, आणि हे त्या खेळावर आणि मॅचच्या संख्येवर असतं. समजा एक टीम दुसरीपेक्षा खरंच सरस आहे, दहापैकी सहा वेळा तिला हरवते. एकच मॅच ठेवली तर सरस टीम पुढे जायची शक्यता अर्थात ६० टक्के. तीन मॅचची सिरीज ठेवली तर जवळजवळ ६५. सात मॅचची ठेवली तर ७१ च्या आसपास. एनबीएमध्ये प्ले-इननंतर प्रत्येक फेरी सात मॅचची असते, त्यामुळे तिथे सोळा टीम घेतल्या तरी दुबळी टीम सहसा गाळली जाते, आणि २०२३ ला आठव्या नंबरची मायामी हीट एकेक सिरीज जिंकत फायनलला गेली तेव्हा त्याला नशीब म्हणणं अवघड होतं.

टी-ट्वेंटीत एक टॉस, थोडं दव, एका माणसाच्या तीन ओव्हर, मॅच गेली. तिथे एकेका मॅचची बाद फेरी असताना खालून जास्त टीम आत सोडणं म्हणजे कप नशिबाच्या हवाली करणं. निर्धास्तपणे टीम वाढवायच्या तर फेऱ्या लांब करा, आणि फेऱ्या लांब करायला कॅलेंडरात जागा नाही, हा खरा पेच आहे. कबड्डीत मॅच चाळीस मिनिटांची असते, एकामागोमाग एक घेता येतात, म्हणून त्यांना आठ टीम झेपल्या. आणि गंमत म्हणजे एवढ्या आठ टीम बोलावून २०२५ ची फायनल झाली ती लीगमध्ये पहिल्या दोनात असलेल्या पुणेरी पलटण आणि दबंग दिल्लीचीच, दिल्लीने ती ३१-२८ अशी घेतली. वरच्यांना सवलत नीट ठेवली की आठ बोलावून सुद्धा असं होऊ शकतं.

"टॉप करणाऱ्याला शेवटी काय मिळालं मग?"

फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने यावर सरळ उपाय काढला, दोन बक्षिसं. लीगमध्ये पहिला यायचा त्याला शील्ड आणि प्लेऑफ जिंकायचा त्याला कप. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर लीगच्या शेवटच्या मॅचमध्ये मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ हरवून शील्ड घेतली. तीनेक आठवड्यांनी, ४ मे ला, त्याच स्टेडियमवर त्याच दोन टीमची फायनल झाली आणि मुंबईने ३-१ जिंकून कप नेला. दोघांचे फॅन आजही आम्हीच खरे चॅम्पियन म्हणतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आयपीएलमध्ये टेबल टॉपरला अशी स्वतंत्र ट्रॉफी नाही, आणि अजून एक साधी गोष्ट नाही ती म्हणजे घरचं मैदान. प्लेऑफची ठिकाणं आधीच ठरलेली असतात, टेबलात कोण कुठे आला याच्याशी त्यांचा संबंध नसतो. एएफएलमध्ये आधीच्या फेऱ्यांत वरच्या नंबरची टीम यजमान असते. सहा टीम करायच्याच असतील तर माझी हरकत नाही, पण जादा फेरीच्या दोन्ही मॅच तिसऱ्या आणि चौथ्याच्या मैदानावर घ्या, म्हणजे त्यांचा जो अर्धा चान्स आपण काढून घेतो त्यातला थोडा तरी परत जाईल. दोन दिवस आधी ठिकाण ठरलं तर तिकिटं, हॉटेलं, कॅमेरे कसे हलवायचे अशी कुरकुर होईल, पण बेसबॉल आणि बास्केटबॉलवाले दरवर्षी हेच करतात.